तीर्थनहून गंजून आलेल्या फ्लायज: 'फसवणूक' म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला नेलेल्या फ्लायज (हुकावर पिसं बांधून केलेली किड्यांसारखी आमिषं) आमच्या डब्यात घरी येईपर्यंत गंजल्या, ड्राय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायजची पिसं चेपली, डबा 'वॉटरप्रूफ' सांगून ८५० रुपयांना फसवलं, यापेक्षा पेपरमिंटचा पत्र्याचा डबा बरा, असं तुम्ही लिहिलंय. हौसेने जमवलेल्या फ्लायज अशा गेल्या की जीव हळहळतो. पण फसवणुकीचा आरोप आम्हाला मान्य नाही.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. झाकणाला आतून बारीक थेंब धरलेत आणि सगळ्यात जास्त गंज एकाच कोपऱ्यात आहे. त्या कोपऱ्यातल्या फ्लायजची पिसंही चिकटलेली दिसतात, म्हणजे त्या वापरून ओल्याच खोचल्या गेल्या. जी रबरी कड बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तीच आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही. मग दोन-चार फ्लायजची ओल सगळ्या डब्याला लागते. बहुतेक हुक हाय-कार्बन स्टीलचे असतात, त्यांना गंज चढायला वेळ लागत नाही. दुप्पट किमतीच्या सीलबंद डब्यातही हेच झालं असतं. वापरलेली फ्लाय दिवसभर टोपीला किंवा जॅकेटवरच्या लोकरी पट्टीला लावून ठेवा, मुक्कामी डबा उघडा ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका. कोकणात खाऱ्या पाण्यात वापरली असेल तर आधी गोड्या पाण्यात धुवा.

पिसांचं म्हणाल, तर तुम्ही नेलेला चपटा डबा निम्फसाठीचा, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लायजसाठीचा आहे, तसं वेष्टनावर छापलंय. ॲडम्स किंवा एल्क हेअर कॅडिससारख्या ड्राय फ्लायला खोल खणच लागतो. त्या चेपलेल्या फ्लायज मात्र टाकू नका. चिमट्यात धरून किटलीच्या वाफेवर काही सेकंद फिरवा, पिसं पुन्हा उभी राहतात.

घरगुती डब्यांना आमचा विरोध नाही, उलट आम्हीच सुचवतो. ड्राय फ्लायजसाठी औषधाच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा फार छान: दर खणाला वेगळं झाकण, त्यामुळे नदीवर वारा सुटला तरी सगळ्या उडत नाहीत. २० नंबरच्या इवल्या फ्लायज होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत मावतात. पेपरमिंटच्या डब्यात जुन्या स्लिपरचा फोम कापून चिकटवा, पण स्पंज किंवा मखमल नको, ती पाणी धरून ठेवतात. आणि पत्र्यावर ओरखडा पडला की डबाच गंजतो, एवढं लक्षात असू द्या.

आता डब्याची परीक्षा तुम्हीच घ्या. रिकाम्या डब्यात कोरडा टिश्यू ठेवून झाकण लावा आणि बादलीत दहा मिनिटं दाबून धरा. टिश्यू भिजला तर डबा घेऊन या, पूर्ण पैसे परत, बिल नसलं तरी चालेल. कोरडा राहिला तरी या, गंजाचे डाग पडलेला फोम आम्ही फुकट बदलून देऊ.