छापलेल्या भिंतीलाही सळई लागते आणि पाणीही

‘रोबो २४ तासांत घर छापतो. सळई नको, पाणी मारायला नको, गवंडी नको, खर्च निम्मा.’ व्हिडिओसकट हा मेसेज सगळीकडे फिरतोय. घर छापणं म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग: मशीन नळीतून ओलं सिमेंटचं मिश्रण थरावर थर टाकत भिंत उभी करतं. आमच्या नात्यातल्या एकाने तो वाचून जोत्यापर्यंत आलेलं काम थांबवलंय. ‘छापूनच घेऊ, सळईचा खर्च तरी वाचेल’ म्हणतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

२४ तास. हा आकडा २०१७ मध्ये गाजलेल्या, रशियात स्तुपिनोला छापलेल्या ३८ चौरस मीटरच्या घराचा. मशीनने भिंती छापायला घेतलेला तो वेळ. पाया, छप्पर, वायरिंग, रंग त्यात धरलेलं नाही. आपल्याकडे एल अँड टीने २०२० मध्ये कांचीपुरमला ७०० चौरस फुटांची, तळमजला आणि वर एक मजला अशी इमारत छापली. कंपनीच्याच निवेदनात छपाईचे तास १०६ आहेत आणि स्लॅब छापलेला नाही हेही त्यात स्पष्ट आहे.

सळई नको. सगळ्यात घातक थाप ही. त्याच निवेदनात उभ्या सळया आणि आडवी वेल्डेड जाळी भारतीय मानकांप्रमाणे घातल्याचं लिहिलंय. व्हिडिओत ती दिसत नाही, कारण भिंत पोकळ असते. बाहेरचा आणि आतला असे साधारण ४-५ सेंटिमीटर जाडीचे दोन पापुद्रे, मधे नागमोडी जोड. कोपऱ्यांत आणि दारं-खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना पायातून वर काढलेली सळई त्या पोकळीत उभी राहते आणि पोकळी काँक्रीटने भरतात. ठरावीक थरांनंतर आडवी जाळी अंथरावी लागते, तीही बहुतेक हातानेच. लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या माथ्याला) आणि स्लॅबखाली सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा हवा.

हे सगळं कशासाठी? भिंत एक-दोन सेंटिमीटरच्या थरांची असते आणि दोन थरांमधला सांधा ही तिची कमजोर जागा. वरून येणारा भार ती आरामात पेलते. भूकंपात आडवा धक्का बसला की भिंत वाकते आणि सांधा उघडतो. तिथे धरून ठेवणारी एकच गोष्ट, सळई. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरलं तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याचा होता. माळवदाच्या जड छताखाली दगड-मातीच्या भिंती, त्यांना बांधून ठेवणारा पट्टा नाही. हजारो माणसं गाडली गेली. त्या महाराष्ट्रात बिनसळईच्या घराचा सल्ला पुढे ढकलताना बोट थबकायला हवं.

पाणी मारायला नको. अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. ताज्या थरांवर पाइपने धार सोडली तर भिंत ढासळू शकते. पण पुढे ओलावा जास्तच जपावा लागतो. साध्या कॉलमला काही काळ तरी सेंटरिंगच्या फळ्यांचा आडोसा असतो. छापलेली भिंत पहिल्या मिनिटापासून ऊन-वाऱ्यात उघडी. त्यात सहसा मोठी खडी नसते, सिमेंटचं प्रमाण जास्त, पाणी मोजकं, त्यामुळे आकसणंही जास्त. सुरुवातीला बारीक तुषार, भिंत घट्ट झाल्यावर ओलं गोणपाट. मिश्रणात फ्लायअॅश (कोळशाची राख) असेल तर काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) किमान १० दिवस. पंप तुंबून भर उन्हात अर्धा तास काम थांबलं तर खालचा थर सुकतो आणि वरचा चिकटत नाही. पुढे पावसाळ्यात गळती त्याच रेषेतून.

खर्च निम्मा. बेंगळुरूचं केंब्रिज लेआउटमधलं छापलेलं टपाल कार्यालय घ्या (२०२३): १,०२१ चौरस फूट, ४३ दिवस, सुमारे २३ लाख. म्हणजे चौरस फुटाला सव्वादोन हजार. तेव्हा ३०-४० टक्के बचत सांगितली गेली, आणि वेळ वाचला हे निर्विवाद. पण गावातल्या एकट्या घरासाठी मशीन, मिक्सर, पंप आणून उभे करण्याचा सगळा भार त्या एकाच घरावर पडतो.

गवंडी नको. पाया, स्लॅब, फरशी कोण करणार? उलट प्लंबर आणि वायरमन छपाईआधीच हजर हवेत. नंतर पाइपसाठी झिरी पाडायला गेलात तर छिन्नीने तो पापुद्राच फुटतो.

एवढं ऐकूनही छापायचंच असेल, तर ठेकेदाराकडून स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीचं सळईचं ड्रॉइंग मागा. तो नुसता क्यूब टेस्टचा (ठोकळा दाबून ताकद मोजण्याच्या चाचणीचा) कागद पुढे करेल. क्यूब साच्यात ठोकून भरलेला असतो, त्यात थर नसतात. छापलेल्या भिंतीतूनच कापलेल्या नमुन्याची, थरांचा सांधा किती ताण सोसतो याची चाचणी मागा.