संगणकातला पहिलवान कोणाला घाबरवणार?

टोरांटोत राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात आपल्या सिम्युलेशन हॉकी लीगमधला, म्हणजे संगणकच आकड्यांवरून आइस हॉकीचे सामने खेळवतो अशा स्पर्धेतला, दुसऱ्या फळीचा चांगला सेंटर (आक्रमण फळीतला मधला खेळाडू) देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात एक एन्फोर्सर, म्हणजे गोलांपेक्षा ठोशांसाठी संघात बाळगला जाणारा खेळाडू, घेतला. कारण विचारले तेव्हा त्याने सर्वत्र फिरणारा एक संदेश मला पाठवला. एन्फोर्सर असला की मुख्य खेळाडूला कोणी हात लावत नाही, मारामारी जिंकली की सामना फिरतो, शिक्षा म्हणून बाहेर बसाव्या लागणाऱ्या मिनिटांनी काही बिघडत नाही आणि फिलाडेल्फिया फ्लायर्स या संघाने असेच चषक जिंकले, असे त्यात ठासून सांगितले आहे.

पहिला मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे. विख्यात हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीजवळ आधी डेव्ह सेमेन्को आणि नंतर मार्टी मॅक्सॉर्ली हे एन्फोर्सर रक्षणाला असत, 1988 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मॅक्सॉर्लीही त्याच सौद्यात गेला, हे मान्य. खऱ्या बर्फावर धाकाला काही किंमत असते, एवढे मी नाइलाजाने कबूल करतो. पण धाक बसायला समोर माणूस लागतो. अशा लीग चालवणाऱ्या एसटीएचएससारख्या संगणकीय आज्ञावलीत, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, मारामारी, धडक, शिस्त आणि टिकाऊपणा हे खेळाडूच्या नावापुढचे वेगवेगळे आकडे असतात, आणि प्रतिस्पर्ध्याने घाबरावे असे आज्ञावलीत लिहिलेले नसेल, तर तो घाबरणार कशाने? उलट या रक्षकाला ताऱ्याशेजारी पहिल्या फळीत उभे केले, की त्याचे स्केटिंगचे आणि पासचे दरिद्री गुण मात्र त्या फळीत हमखास उतरतात.

मारामारीने सामना फिरतो, या विधानाला संदेशात एकही आकडा नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

शिक्षेचे म्हणाल, तर मारामारी करणारे दोघेही पाच-पाच मिनिटे बाहेर बसल्याने हिशेब फिटतो, हे अर्धसत्य आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकी लीगमध्ये भांडण उकरून काढणाऱ्याला पाच मिनिटांखेरीज जादा दोन आणि दहा मिनिटांची शिक्षा होते. शिवाय शिस्तीचे गुण कमी असलेला खेळाडू मारामारीविनाही दोन-दोन मिनिटांच्या शिक्षा ओढवून घेतो. पॉवर प्लेच्या, म्हणजे शिक्षेमुळे समोरचा संघ एक खेळाडू कमी असतानाच्या, साधारण पाचांपैकी एका संधीवर गोल होतो, म्हणजे अशा पाच शिक्षा म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सरासरी एक गोल फुकट. ज्या फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण देणाऱ्या खेळात, शिक्षेच्या मिनिटांचेच गुण मिळतात, तिथे एन्फोर्सर जरूर घ्यावा. भाच्याची लीग तशी नाही.

राहिले फ्लायर्स. त्यांचा एन्फोर्सर डेव्ह शुल्ट्झने 1974-75 मध्ये 472 मिनिटांची शिक्षा भोगली, तो विक्रम आजही अबाधित आहे, आणि संघाने 1974 व 1975 असे लागोपाठ दोन स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलची विजेतेपदे, जिंकले. परंतु त्या दोन्ही वर्षी प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक मिळाला तो गोलरक्षक बर्नी पॅरेंटला, आणि 1974-75 मध्ये 116 गुण (गोल आणि गोलसहाय्य मिळून) मिळवणारा बॉबी क्लार्क हा सेंटर होता. भाच्याने नेमका सेंटरच विकला आहे.