डिपॉझिट परत हवंय? आधी पोहे खा

घर सोडताय? अभिनंदन. टेम्पो ठरला, खोकी आणली, गादीला दोरी बांधली, आता फक्त डिपॉझिट तेवढं घ्यायचं राहिलंय म्हणता? या 'तेवढं'ला माझा साष्टांग नमस्कार. पुण्यात 11 वर्षांत मी पाच घरं बदलली. म्हणजे या विषयातलं माझं शिक्षण पाचदा पूर्ण झालं आणि फी दर वेळी घरमालकाने परस्पर कापून घेतली. तेव्हा माझं ऐका.

पहिली गोष्ट, डिपॉझिट हे 'आपले पैसे' आहेत हा गैरसमज काढून टाका. ते तुमचे होते, जोवर एजंट रात्री साडेनऊला लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला नव्हता. आठवा तो सोहळा. भांडी घासून झिजलेला अंगठा मशीन घेईना, 'जरा केसांना पुसून ठेवा' असं एजंट सांगत होता, आणि स्क्रीनवरचं अॅग्रीमेंट तो इतक्या वेगाने खाली सरकवत होता की तुम्हाला फक्त स्वतःचं नाव दिसलं. तेही चुकलेलं. त्या अॅग्रीमेंटमध्ये तुम्ही भाडेकरू सुद्धा नाही बरं का. तुम्ही 'लायसन्सी', म्हणजे जागा वापरण्याची 11 महिन्यांपुरती परवानगी मिळालेला इसम.

त्यात एक गंमत आहे, ती मला फार आवडते. महाराष्ट्रात या करारावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी लागते. ती नुसत्या भाड्यावर नसते. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर मालकाला वर्षाला 10 टक्के व्याज सुटतं असं सरकार गृहीत धरतं आणि तेही हिशेबात घेतं. 22 हजार भाडं आणि 66 हजार डिपॉझिट असेल तर ड्युटी होते सहाशे-सव्वासहाशे रुपये. म्हणजे तुमच्या पैशावर मालकाला व्याज मिळतं हे सरकारला ठाऊक आहे, मालकाला तर आहेच, आणि त्या व्याजावरच्या ड्युटीतला अर्धा वाटा तुम्ही भरता. शिवाय 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे एजंटला सांगून पाहा. तो हसेल आणि म्हणेल, 'साहेब, फिफ्टी-फिफ्टीच असतं सगळीकडे.'

राहायला येता त्या दिवशी रिकाम्या घराचे फोटो मात्र अजिबात काढू नका. भिंती, ओट्याचा तडा, बाथरूमच्या दाराचा फुगलेला खालचा भाग यांचे फोटो काढून त्याच संध्याकाळी मालकाला पाठवणं हे असंस्कृतपणाचं लक्षण आहे. काका काय म्हणतील? इतका अविश्वास? विश्वास ठेवायचा भाडेकरूने, डिपॉझिट ठेवून घ्यायचं मालकाने, अशी कामाची वाटणी ठरलेली आहे. तसंच नोटिशीच्या काळातलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या, असं सुचवण्याचा आगाऊपणाही करू नका. आमच्या मजल्यावरच्या एकाने केला. त्याची एक दमडीही बुडली नाही, पण सोसायटीत सगळे त्याला 'तो तसला' म्हणतात. पैसे मिळाले, अब्रू गेली.

आता मुख्य प्रसंग. घर दाखवण्याचा दिवस.

आमचे चौथे घरमालक, म्हणजे काका, निवृत्त इंजिनिअर. भर दुपारी टॉर्च घेऊन आले. हातात डायरी, खिशाला दोन पेनं, आणि एक रुपयाचं नाणं, जे ते प्रत्येक फरशीवर टकटक वाजवून कान देऊन ऐकत होते. हॉलमध्ये ते खिळे मोजायला लागले.

"हा तुमचा?"

"नाही काका, आम्ही आलो तेव्हाच होता."

"मग तुम्ही त्यावर काय लावलं होतं?"

"कॅलेंडर."

"म्हणजे वापरला ना?"

डायरीत नोंद झाली. खिळे एकूण 14. त्यातले नऊ आमच्या आधीच्या भाडेकरूने ठोकलेले, आणि त्याच्याकडून त्यांचे पैसे कापून झालेले. पण खिळा हा घरमालकाच्या हातात आंब्याच्या कलमासारखा असतो, एकदा लावला की दर वर्षी फळ देतो.

मी अॅग्रीमेंट उघडून दाखवलं, नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता जागा होती तशी परत करायची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. काकांनी चष्मा वर करून ते वाक्य दोनदा वाचलं, कौतुकाने मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण झीज वेगळी आणि डाग वेगळा." अशा माणसाशी वाद घालू नये.

मग वरच्या मजल्यावरून काकूंनी हाक मारली. "अहो, त्यांना वर घेऊन या, पोहे केलेत." इथे नीट लक्ष द्या, कारण माझं सगळं शास्त्र या बशीत आहे. पोहे उत्तम होते. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. बशीशेजारी मी घराची किल्ली ठेवली, कारण खिशात टोचत होती. काकू म्हणाल्या, "घर अगदी स्वच्छ ठेवलंत हो, सूनबाईंना सांगा." चहा आला. काका म्हणाले, हिशेब करतो आणि दोन दिवसांत ट्रान्सफर मारतो. मी म्हटलं, काही घाई नाही काका. आणि निघताना ती किल्ली मी स्वतःच्या हाताने उचलून काकांच्या हातात दिली. त्यांनी मागितली नव्हती! मी दारात चपला घालेपर्यंत ती भिंतीवरच्या हत्तीच्या आकाराच्या की-होल्डरला लटकत होती.

तुमच्याकडे संपूर्ण व्यवहारात एकच वस्तू असते जी मालकाला हवी असते, ती म्हणजे किल्ली. पैसे खात्यात आल्याचा मेसेज दिसल्यावर किल्ली द्यावी, असं म्हणणारे कोरडे लोक आहेत. त्यांना पोहे मिळत नाहीत.

दोन दिवसांनी नाही, पण तेराव्या दिवशी हिशेब आला. रंगकाम 18 हजार, साफसफाई साडेतीन हजार, नळ दुरुस्ती 600, इतर 1,900. एकूण 24 हजार. 'इतर' म्हणजे काय हे मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. विचारलं की त्याचे दोन भाग होतात, आणि दुसरा भाग 'किरकोळ' नावाने वेगळा येतो. उरलेले 42 हजार योग्य वेळी.

योग्य वेळ कोणती, हे कळायला पंचांग लागतं. आम्ही घर सोडलं ऑगस्टअखेर. मग गणपती, घरात पाहुणे. मग पितृपक्ष, पैशाचा व्यवहार नको. दसऱ्याला काका म्हणाले, दिवाळीत बघू. दिवाळीत फोन केला तर काकू हळू आवाजात म्हणाल्या, "लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर घरातली लक्ष्मी बाहेर काढत नाहीत हो." ती लक्ष्मी माझी होती, माहेरी यायचं म्हणत होती, पण असो. मग भाचीचं लग्न, मग पौष, मग एफडी मार्चमध्ये मॅच्युअर होणार. या सगळ्या काळात काकांचे सुप्रभातचे मेसेज मात्र रोज सकाळी पावणेसहाला न चुकता येत होते. गुलाबाचं फूल, खाली 'विश्वास हाच नात्याचा पाया'. मी खाली लिहायचो, 'काका, डिपॉझिटचं जमलं का?' त्याला कधीच निळी टिक आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब.

तुम्हाला वाटेल, कायदा आहे की. आहे ना. कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे, बाजूला उभा राहून बघत असतो. मुदत संपल्यावर तुम्ही घर सोडलं नाही तर मालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते, हे त्याच 1999 च्या कायद्यात कलम 24 मध्ये छापलेलं आहे. मालकाने डिपॉझिट सोडलं नाही तर दुप्पट, असं कलम शोधून माझे डोळे दुखले. वकिलाची नोटीस पाठवता येते, लघुवाद न्यायालय आहे, दावा लावायला तीन वर्षं हातात असतात. 42 हजारांसाठी किती तारखांना रजा टाकणार, हा हिशेब काकांनी तुमच्या आधी केलेला असतो. इंजिनिअर आहेत ते. केंद्राने 2021 साली आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला. राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, आणि ताबा घेतानाच ते परत करायचं, असं त्यात लिहिलंय. पण आपण आदर्शांचं काय करतो? फोटो लावून हार घालतो. आणि फोटो लावायचा म्हटलं की खिळा आलाच.

फार वाईट वाटलं तर बंगळुरूला गेलेल्या आपल्या मुलांना फोन करा. तिथे दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट देण्याची रीत होती. आपण तीन महिन्यांत सुटलो म्हणून समाधानाने झोपा.

माझे पैसे आले. एप्रिलपर्यंत, तीन हप्त्यांत. शेवटच्या हप्त्यात 2 हजार कमी होते, लाइट बिलाचे. ते बिल मी सप्टेंबरमध्येच भरलं होतं आणि पावती पाठवली होती, त्याच मेसेजखाली जिथे निळी टिक येत नाही. मी काकांना आभाराचा मेसेज पाठवला. त्याला मात्र लगेच आली.

मे महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या घरातला नवा भाडेकरू. माझ्या नावाचं जुन्या पत्त्यावर कुरिअर आलं होतं, त्यावरून नंबर मिळाला. भला माणूस, मूळचा सोलापूरचा. नेऊन देतो म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, "एक विचारू का? बेडरूमच्या दारामागे भिंतीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, बाजूला तारखा. तुमच्या मुलीच्या उंचीच्या का?"

मी म्हटलं, हो. रंग दिला नाही का घराला?

"नाही हो. काका म्हणाले, मागच्याच वर्षी दिलाय. आमच्या मिसेसना त्या रेघा फार आवडल्या. आम्ही आमच्या मुलाला पण तिथेच उभा केला काल. तुमच्या मुलीपेक्षा दोन बोटं उंच भरला."