थंड सिंटर दणकट आहे, म्हणून भट्टीतही टिकेल?

"सिंटरमध्ये लोह जास्त असलं की झालं. अशुद्धी शेवटी स्लॅगमध्येच जातात. आणि थंड सिंटर ड्रममध्ये फुटला नाही, तर भट्टीतही फुटणार नाही." हा दावा धातुकर्म शिकणारी मुलंही सहज उचलतात. (सिंटर म्हणजे लोहखनिजाची भुकटी भाजून केलेली ढेकळं, जी लोखंड बनवायच्या झोतभट्टीत टाकतात; स्लॅग म्हणजे तिथे वितळून वेगळी होणारी मळी.) त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातलं प्रत्येक वाक्य अर्धवट आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. थंड मजबुती वेगळी आणि क्षपण होताना, म्हणजे खनिजातला ऑक्सिजन काढला जाताना, टिकणं वेगळं, म्हणूनच दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या आहेत. आयएसओ ४६९६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात सिंटर ५५० अंश सेल्सिअसला कार्बन मोनॉक्साइड असलेल्या वायूत अर्धा तास ठेवतात, गार करतात, ड्रममध्ये ९०० फेरे देतात आणि २.८ मिलिमीटरखालचा चुरा मोजतात. ५५० अंशच का? झोतभट्टीच्या वरच्या भागात, साधारण ४५० ते ६०० अंशांत, हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडचं कमी ऑक्सिजन असलेलं मॅग्नेटाइट होतं. स्फटिकाची मांडणी बदलते, आकारमान वाढतं आणि भोवतीच्या ठिसूळ भागाला तडे जातात. थंड ड्रमला या ताणाचा पत्ताच नसतो.

अशुद्धी स्लॅगमध्ये जातात हे खरं, पण खूप खाली, वितळल्यावर. तोवर त्या सिंटरच्या अंगातच असतात. झारखंड-ओडिशाच्या खनिजात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) हे जुनं दुखणं आहे. तो वाढला की सिंटर बनताना वितळलेला भाग घट्ट होतो, नीट पसरत नाही, छिद्रं वेडीवाकडी राहतात आणि क्षपणातला चुरा वाढतो. टायटॅनिया (टायटॅनियमचा ऑक्साइड) तर नुकसानाला थोडासाही पुरतो. तो काचेसारख्या भागात साठतो आणि तिथे तडा अडत नाही. भट्टीच्या तळाचं अस्तर वाचवायला टायटॅनियाचं खनिज मुद्दाम घालतात, पण तेच सिंटरच्या मिश्रणात गेलं की वरच्या भागात नुकसान करतं.

तरी सगळ्या घटकांना एकाच माळेत ओवू नये. मिश्रणात घातलेल्या डोलोमाइट दगडातून येणारा मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) मॅग्नेटाइटमध्ये शिरून त्याला टिकवतो. मग सिंटर गार होताना मॅग्नेटाइटचं पुन्हा हेमॅटाइट होणं कमी होतं, आणि असं नव्याने बनलेलं दुय्यम हेमॅटाइटच तडकण्याचं मूळ आहे. म्हणजे लोह किती यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे, हे आधी विचारायला हवं. सिंटरमधला फेरस ऑक्साइड (कमी ऑक्सिजन असलेलं लोहाचं रूप) वाढवूनही चुरा घटतो, पण क्षपण मंदावतं आणि कोक हे भट्टीचं इंधन जास्त जळतं.

"सिंटरवर कॅल्शियम क्लोराइड फवारा, प्रश्न मिटला" असंही सांगतात. चुरा खरोखर घटतो, पण क्लोरीन गॅसबरोबर वर जाऊन नळ्यांना गंज लावतो.