डॉक्टरांसमोर पायमोजे काढा

साठीतला माणूस ‘चाललं की पोटऱ्या भरून येतात’ म्हणाला की आपल्याकडे उत्तरं तयार असतात. वय झालं, वात आहे, कॅल्शियम कमी पडलं, नस दबली असेल. मग तेल, शेक, कंबरेला पट्टा. पायाला रक्त नीट पोचतंय का, हे घरात कुणाला सुचत नाही हे मी समजू शकते. दवाखान्यातही सुचू नये, याचा मात्र मला फार राग येतो.

माझ्या मामांचं असंच झालं. जुना मधुमेह, त्यात तंबाखू. देवळात जाताना वाटेत थांबायचे, जरा उभे राहिले की पुन्हा चालू लागायचे. मणक्याचा एमआरआय झाला, गोळ्या झाल्या. पायमोजे काढून नाडी मात्र कुणीच पाहिली नाही. अंगठ्यावरची जखम काळी पडल्यावर आम्ही रक्तवाहिन्यांचे सर्जन गाठले. पाय वाचला, अंगठा गेला.

त्यांच्या त्या थांबण्यातच निदान होतं. पायाची रोहिणी, म्हणजे हृदयाकडून पायाला रक्त पोचवणारी वाहिनी, अरुंद झाली की चालताना स्नायूंना लागतं तेवढं रक्त मिळत नाही. साधारण ठरावीक अंतरावर पोटरी दुखायला लागते आणि नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत थांबते. मणक्यामुळे पाय दुखत असतील तर बहुतेकांना बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. रात्री झोपेत येणारा वांब आणखी वेगळा. पण रात्री पाऊल, बोटं ठणकत असतील आणि पाय पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटत असेल, तर आजार बराच पुढे गेलाय. तिथे एक दिवसही काढू नका.

मधुमेह असला की हे दुखणंसुद्धा लपतं, कारण पायाची संवेदनाच कमी झालेली असते. म्हणून नुसत्या तक्रारीवर विसंबून चालत नाही, पाय बघावाच लागतो. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागतंय का? कातडी चकचकीत, पातळ झालीये का? बोटांमध्ये जखम आहे का? आणि कृपा करून अशा पायांना गरम पाण्यात बुडवू नका, शेकाची पिशवी लावू नका. भाजलेलं कळत नाही आणि रक्त कमी असल्यामुळे भरतही नाही.

डॉक्टरांनी पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे बोट ठेवून नाडी बघायची, याला काही खर्च नाही. त्यापुढची तपासणी म्हणजे झोपवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजणं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर रोहिणीत अडथळा आहे असं धरतात. जुन्या मधुमेहात रोहिण्या कडक होऊन हा आकडा फसवा, १.४ च्याही वर येऊ शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. हजारो रुपयांच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये रक्ताच्या डझनभर तपासण्या असतात, मग घोट्याचा रक्तदाब का नसावा? पायाच्या रोहिण्या बिघडलेल्या माणसाला हार्ट अ‍ॅटॅक आणि पक्षाघाताचाही धोका जास्त असतो. म्हणजे ही तपासणी नुसत्या पायापुरती नाहीच.

तंबाखूबद्दल स्पष्टच लिहिते. डॉक्टर लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये ज्याचं सविस्तर वर्णन केलं, तो हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडण्याचा बर्गरचा आजार पंचेचाळिशीच्या आतल्या, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसांना गाठतो, मधुमेह नसतानाही. त्यात तंबाखू पूर्ण बंद करणं हाच मुख्य उपचार. बिडी सोडून मशेरी किंवा मळलेली तंबाखू धरली, तर ती सुटका नव्हे. आजार वेळेत कळला तर औषधं आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम आहे, गरज पडली तर अँजिओप्लास्टी आणि बायपासही आहे.

आणि अचानक पाय पांढराफटक पडला, गार पडला, प्रचंड दुखू लागला किंवा हलेनासा झाला, तर सकाळची वाट बघू नका. पाय वाचवायला हातात काही तासच असतात. रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत ना, हे फोनवर विचारून थेट त्याच रुग्णालयात जा.