पंख्याखाली बसून दिलेलं उत्तर

‘एक पालक, सत्तरी’ (सत्तरी तालुका, गोवा) यांस,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्यांदा राग जास्त आला, म्हणून दोन दिवस थांबले आणि आज लिहायला बसले. राग अजून आहे, पण निदान शुद्धलेखन सुधारलंय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. २०२३-२४ पासून आपल्या गोव्यातल्या महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचं मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, आलं. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर १६०. यूजीसीच्या आराखड्यात त्या १२० पैकी ६० मेजरचे. उद्या कुणी ‘गोमंतकीय संस्कृती’ हा मेजर काढलाच, तर त्या साठांत सक्तीचं काय असावं, एवढाच माझा प्रश्न होता. मी दोनच गोष्टी सक्तीच्या म्हटल्या. १२ क्रेडिट गावात जाऊन करायचं काम, आणि ८ क्रेडिट जुने कागद वाचायला शिकणं. मोडी किंवा पोर्तुगीज, दोहोंपैकी एक. बाकीचं ज्याचं त्याने आवडीने निवडावं.

त्यावर तुम्ही लिहिलंत, आणि मी उद्गारचिन्हांसकट देते (मांड म्हणजे पौषात गावातल्या बायका रात्री धालो हा गाण्यांचा खेळ खेळतात ती जागा):

‘बाई, पर्वरीत पंखा लावून दुसऱ्यांच्या मुलींना रात्री मांडावर उभं करणं सोपं असतं!!! फील्डवर्कचा एक क्रेडिट ३० तासांचा असतो, १५ चा नाही. म्हणजे तुमच्या १८० तासांचे ३६० झाले. माझी मुलगी केरीहून येते. शेवटची बस चुकली तर ती राहणार कुठं? मोडी शिकवणार कोण? ही डिग्री घेऊन नोकरी कुठली? आणि आमच्या गोव्यात धालो-फुगडी सोडून खाणी, ट्रक, हॉटेलं काही नाहीच का?’

चूक आहे ती आधी कबूल करते. थिअरीचा क्रेडिट १५ तासांचा, प्रात्यक्षिकाचा आणि क्षेत्रकार्याचा ३० चा. मी सरसकट १५ धरले. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचा उल्लेखही केला आहे. हिशेब तुमचा बरोबर, आभार. पण आकडा चुकला म्हणून मुद्दा चुकत नाही. ३६० तास सहा सेमिस्टरांत वाटले तर सेमिस्टरला ६०, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चार. आठवड्याचे चार तास आपल्या मुलांचे कुठं कुठं जातात हे मी इथं लिहीत नाही.

आता पंख्याकडे येऊ.

मी पणजीजवळच्या पर्वरीत राहते हे तुम्हाला कळलं ते मीच मागे पाण्याच्या टँकरवर लिहिलं होतं म्हणून. घरच्यासारखं सांगितलेलं असं उचलून फेकून मारायचं नसतं. आणि पर्वरीत राहणं हा काय गुन्हा आहे? अर्धं पेडणं आणि अर्धी डिचोली पोटासाठी इथंच येऊन राहिली आहे. त्यातला प्रत्येक जण गाव विकून आला नाही. चतुर्थीला पर्वरीची अर्धी घरं कुलपात असतात ती कुठं गेलेली असतात?

‘दुसऱ्यांच्या मुली’ हा शब्द तर मला झोंबलाच. अहो, मीही दुसऱ्याचीच मुलगी होते की! पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावर जन्मले. पौषात आजीच्या पदराला धरून मांडावर जायचे. दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला विळखा, आणि धरतरीला हाक घालून सुरू झालेलं गाणं. शेवटच्या रात्री बायकांच्या अंगात रंभा यायच्या तेव्हा मी आजीच्या पाठीमागे डोळे मिटून उभी असायचे. पुढे म्हापशाला कॉलेजला जायला लागले ती बसनेच. एकदा शेवटची बस चुकली, थिवीला मैत्रिणीकडे राहिले, आणि बाबांनी आठवडाभर अबोला धरला. तेव्हा बस चुकणं म्हणजे काय असतं हे मला तुम्ही नका सांगू.

नंतर अकरा वर्षं लेक्चर बेसिसवर शिकवलं. ज्यांनी केलंय त्यांना ते काय असतं ते ठाऊक आहे. तासाला पैसे, मे महिन्यात शून्य, आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज. पंखा होता, वर्गात. फिरत नव्हता.

त्याच काळात एका कॉलेजात (नाव घेत नाही) ‘संस्कृती सप्ताह’ असायचा. ऑगस्टमध्ये. त्यात मुलींनी स्टेजवर धालो केले, माईक लावून, सात मिनिटांत, शिट्ट्या मारणाऱ्या मुलांसमोर. ज्या मांडावर पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं तिथला खेळ! एका मुलीने रंभेची नक्कल केली, टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. त्या मुली वाईट नव्हत्या हो. त्यांना कुणी मांड दाखवलाच नव्हता. मी फील्डवर्क सक्तीचं म्हणते ते या सात मिनिटांमुळे. धालो सेमिस्टरचं वेळापत्रक बघून येत नाहीत, ते पौषात येतात, शिगमो फाल्गुनात येतो. रणमाले हे लोकनाट्य बघायचं तर तुमच्याच सत्तरीत रात्र काढावी लागते. विद्यार्थ्याला तिथं जावंच लागेल. साखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला घर सोडून पार श्रीलंकेला गेले, त्यांना कुणी कदंबची (आपल्या गोव्याच्या एसटीची) बस लावून दिली नव्हती. (हो, ते पुरुष होते. हे तुम्ही लिहिणारच, म्हणून मीच लिहून टाकते.)

‘मोडी शिकवणार कोण’ असं तुम्ही हात झटकून विचारलंत. शोधलं की मिळतात. पणजीत पोर्तुगीज शिकवणारी माणसं आणि संस्था आहेत, ताळगावच्या पठारावर विद्यापीठात ती शिकवली जाते, काही उच्च माध्यमिक शाळांतही आहे. मोडीचे वर्ग सीमेपलीकडे महाराष्ट्रात भरतात. प्रश्न शिकवणार कोण हा नाही. शिकायचं का, हा आहे, आणि तो तुम्ही विचारलाच नाहीत. तरी सांगते.

माझ्या बाबांकडे एक कागद होता. पोर्तुगीज, खाली शिक्का, कडा वाळवीने खाल्लेल्या. आजोबा म्हणायचे, ‘जागा आमची, कागद हा.’ घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता, पण दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. पुढे शेजाऱ्याशी वाद झाला, कागद एका कचेरीत दाखवला. तिथल्या माणसाने वरवर बघून सांगितलं, विक्रीचा कागद आहे, काळजी नको. बाबा निर्धास्त. सात वर्षं वकील, तारखा, म्हापसा-पणजी. सातव्या वर्षी एका म्हाताऱ्या भाषांतरकाराने चष्मा पुसून पहिली ओळ वाचली आणि म्हणाला, ‘हें आफ्रामेंत.’ विकत घेतलेली जागा नव्हतीच ती, कायमच्या पट्ट्याने, वर्षाला ठरलेला फोर, म्हणजे खंड, भरायच्या अटीवर दिलेली होती. पहिल्याच ओळीत लिहिलेलं! घरातल्या एका माणसाला वर्षभर पोर्तुगीज शिकवली असती तर ती सात वर्षं वाचली असती. बाबा नंतर कागदाला हळदकुंकू लावायचे बंद झाले.

तुम्ही म्हणाल, हा जमिनीचा मामला, संस्कृतीचा नाही. गोव्यात या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवा मला. गावकारी घ्या. गावाची सामायिक जमीन, तिचं उत्पन्न, त्यातून देवळाचा खर्च, बांध-मानशींची (पाणी अडवायच्या दारांची) दुरुस्ती, गावकऱ्यांचे मान आणि त्यांचा क्रम, हे सगळं एकाच धाग्यात. ते रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, लिहून घेतले, अर्थात सारा नीट वसूल व्हावा म्हणून. हेतू त्यांचा, पण रीत आमची, आणि ती त्यांच्या भाषेत पडून आहे.

किंवा १७३६ चा इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, हुकूमनामा घ्या. ख्रिस्ती झालेल्यांनी काय काय करायचं नाही याची ती यादी आहे. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, तुळस लावायची नाही, मीठ न घालता भात शिजवायचा नाही, बायकांनी चोळी आणि पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसायचं नाही. मनाई करणाऱ्याने आमचं लग्नघर इतकं बारकाईने टिपून ठेवलंय की आमच्यापैकी कुणी तेव्हा तसं लिहिल्याचं मला आढळलेलं नाही. आणि धर्म बदलून कित्येक पिढ्या झाल्यावरही बायका ओव्या म्हणतच होत्या, हेही त्याच कागदावरून कळतं. नाहीतर मनाई कशाला करावी लागली असती? हे वाचायला ‘वसाहतवादी मानसिकता’ लागत नाही (हा शब्द तुमचा नाही, तुमच्याखालच्या दुसऱ्या एकांचा आहे), अक्षरओळख लागते.

नव्या काबिजादीच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यात उशिरा गेलेल्या, तालुक्यांचं गणित वेगळं. पेडणं पोर्तुगीजांकडे गेलं ते १७८८ मध्ये. त्याआधीचा आमचा कारभार सावंतवाडीचा, म्हणजे मोडीत. म्हणून तर मी ‘किंवा’ लिहिलं होतं. साष्टी-बार्देशच्या मुलाने पोर्तुगीज घ्यावी, पेडण्या-सत्तरीच्या मुलीने मोडी. त्या ‘किंवा’साठी मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली होती. तुम्हाला तो शब्द दिसला नाही, पंखा तेवढा दिसला.

बाकीचं भराभर घेते. नोकरीचं म्हणाल, तर तो लेखाचा विषय नव्हता. बीए इतिहास आणि बीए मराठी घेतलेल्यांना कुठली नोकरी मिळते, ते आधी त्या विभागांना विचारा. खाणी आणि ट्रक हाही इतिहास आहे, मान्य. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सत्तरीत घराघरांत काय झालं हे मी पाहिलंय, कधीतरी वेगळं लिहीन. ऐच्छिक विषयांत ते बसेल. कोकणी की मराठी, हा वाद खाली तिघांनी सुरू केलाय, तो मी इथं चालू देणार नाही. राजभाषा कायदा १९८७ चा आहे, त्यावर भांडायला तुम्हाला माझं अंगण लागत नाही. दोन्ही भाषा आणि रोमी लिपी वाचता आलीच पाहिजे असं मी लेखातच म्हटलंय. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं ते मराठीत, पण रोमी अक्षरांत. त्यातून काय ते समजा.

आणि एक, जरा स्पष्टच. टीका करणाऱ्याने नाव लिहावं. मी माझ्या नावाने लिहिते, चुकले तर नावाने चुकते. ‘एक पालक’ म्हणजे कोण? पालक सगळेच असतात. तुमची मुलगी हे वाचत असेल तर तिला माझा नमस्कार सांगा. तिला विचारलंत का कधी, तिला मांडावर जायचंय की नाही? तुम्ही तिच्या वतीने सहा ओळी लिहिल्यात, तिचं मत त्यात एकाही ओळीत नाही.

बसचं तेवढं राहिलं. रात्रीच्या कामाला कॉलेजने गाडी द्यावी आणि दोन शिक्षिका बरोबर असाव्यात, अशी ओळ मी लेखात आजच घातली आहे. आधी ती नव्हती, ती सुचली तुमच्या पत्रावरून असं कुणी म्हणालं तर माझी हरकत नाही. फक्त केरीला जाणारी शेवटची कदंब हल्ली किती वाजता सुटते तेवढं कळवा, म्हणजे तास त्याप्रमाणे मांडता येतील. मला ठाऊक नाही. बरीच वर्षं झाली, मी गाडीनेच जाते.