सूर्यास्त चुकवला, बरं झालं

यंदा हरिश्चंद्रगडावर जाऊन सूर्यास्त पाहिलाच नाही, आणि त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

झालं असं, की पायथ्याच्या पाचनई गावातून चढतानाच माझा गुडघा कुरकुरायला लागला. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी सॅक टेकवली तोवर पाच वाजून गेलेले. ग्रुपचं नेहमीचं सुरू झालं, "चला चला, कोकणकड्यावर बसायला जागा मिळायची नाही!" मी म्हटलं, व्हा पुढे. आधीच्या तिन्ही वेळा मीही सूर्यास्तासाठी त्या कड्याकडे असाच पळालो होतो. आपल्यासाठी मंदिर म्हणजे कड्याच्या वाटेवरचा थांबा. बूट काढा, हात जोडा, सेल्फी काढा, निघा.

या वेळी तिथेच बसलो. मंदिर डोंगराच्या कुशीत, खोलगट जागी आहे, त्यामुळे क्षितिज वगैरे काही दिसत नाही. दिसतं ते मंदिराचं शिखर. अंगणात सावली पडून गेलेली असते, पण सोळा-एक मीटर उंच शिखराच्या वरच्या अंगाला ऊन अजून चिकटून असतं. भर दुपारी सपाट, काळा वाटणारा दगड त्या तिरप्या उन्हात उठून येतो. कोरीव कामाच्या कडा वेगवेगळ्या दिसायला लागतात. मग ऊन एकेक थर सोडत वर सरकतं, टोकावर क्षणभर रेंगाळतं आणि जातं. भिंतीला पाठ लावली तर दिवसभर तापलेल्या दगडाची ऊब लागते. इथल्या शिलालेखात चांगदेवांचा उल्लेख आहे. मी ती अक्षरं लावायला गेलो, धड एक शब्द लागला नाही.

अंधारायच्या आत केदारेश्वराच्या गुहेपर्यंत लंगडत जाऊन आलो. चार खांबांपैकी एकच उभा आहे. तो पडला की कलियुग संपून जग बुडणार म्हणतात. हे ऐकूनही लोक कमरेएवढ्या गार पाण्यातून जाऊन त्याच खांबाला टेकून फोटो काढतात. धन्य आहे!

कड्याला नावं ठेवत नाही मी. पण संध्याकाळी तिथे स्पीकर आणि सेल्फी स्टिकचीच जत्रा असते. त्यात कोणीतरी इंद्रवज्राची, म्हणजे धुक्यात दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची, वाट बघत बसलेलं असतंच. अरे बाबांनो, त्याला सूर्य पाठीशी आणि धुकं समोर लागतं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे ते सकाळचं काम!

मंडळी टॉर्च लावत परतली. सात जणांच्या सात फोनमध्ये तोच लाल गोळा. एकाने विचारलं, "एवढा वेळ काय केलंस रे? कंटाळा नाही आला?" पुष्करणीच्या काठचे रिकामे कोनाडे, त्यात एके काळी असलेल्या मूर्ती, असं काहीतरी सांगायला सुरुवात केली होती मी. तेवढ्यात पिठलं-भाकरी आली.